इंटरनेट वेगवान असूनही टीव्हीवर मालिका अडखळत दिसते – मदत हवी आहे

गेल्या आठवड्यापासून टीव्हीवर ॲपमधील मराठी मालिका झटके घेत चालते. कॅमेरा आडवा फिरू लागला की चित्र अडखळते, आवाज मात्र सलग येतो. मोबाइलवर तीच मालिका व्यवस्थित दिसते आणि इंटरनेटचा वेग १०० एमबीपीएस आहे. आईचे डोळे दुखू लागले आहेत, कृपया लवकर उपाय सांगावा.

प्रतिसाद १: गोल चक्र फिरून चित्र थांबते, की न थांबताच झटके बसतात? ॲप टीव्हीतलेच आहे की बाहेरच्या बॉक्समधले?

प्रतिसाद २: वायफायवर विसंबू नये. आमच्याकडे राऊटर आणि टीव्हीच्या मध्ये दोन भिंती होत्या. लॅन केबल टाकली आणि त्रास संपला.

धागाकर्ता: चक्र कधीच फिरत नाही. मागच्याच आठवड्यात नवा बॉक्स एचडीएमआयने जोडला आहे, हे सांगायचे राहून गेले. केबलसाठी भिंत फोडावी लागेल.

प्रतिसाद ३: चक्र फिरत नाही म्हणजे दोष इंटरनेटचा नाही, मग भिंत मुळीच फोडू नका. आपल्याकडील दूरचित्रवाणी ५० हर्ट्झच्या ‘पाल’ (PAL) या प्रक्षेपण पद्धतीवर उभी राहिली, म्हणून मालिका बहुधा सेकंदाला २५ फ्रेमने (म्हणजे २५ स्थिर चित्रांनी) तयार होतात. बॉक्स ६० हर्ट्झवर असेल, म्हणजे पडद्यावर सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवत असेल, तर ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दाखवल्या जातात आणि कॅमेरा फिरताना नेमका तोच असमानपणा डोळ्यांना खुपतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडून पाहा.

प्रतिसाद २: हे पटत नाही. मोबाइलचा पडदाही निदान ६० हर्ट्झचा असतो, मग तिथे झटके का नाहीत?

प्रतिसाद ३: तिथेही असतात, पण लहान पडद्यावर चित्र थोडेच अंतर सरकते, म्हणून जाणवत नाहीत.

प्रतिसाद ४: चित्राचा दर्जा १०८०पी ऐवजी ७२०पी ठेवावा, डेटाची मोठी बचत होते.

धागाकर्ता: डेटाची अडचण नाही. ५० हर्ट्झ केल्यावर मालिका अगदी सुरळीत दिसली, मनापासून आभार! पण रात्री लावलेला इंग्रजी चित्रपट अडखळला.

प्रतिसाद ३: चित्रपट सहसा २४ फ्रेमचे असतात. बॉक्समध्ये ‘मॅच कंटेंट फ्रेम रेट’ असा पर्याय असल्यास तो सुरू करा. ॲपने साथ दिली तर दर वेळी योग्य गती आपोआप निवडली जाईल. गती बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा.