मदत हवी आहे: 'पत्त्यावर आढळले नाहीत' म्हणून आत्याचं रेशनकार्ड बंद, डायलिसिस अडकलं (सोलापूर)

मंडळी, रेशन किंवा महात्मा फुले योजनेतलं कुणाला माहीत असेल तर जरा लवकर सांगा.

आत्या 67 वर्षांची, जन्मभर विड्या वळल्या. किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतं, खिशातून काही जात नव्हतं. आता दवाखान्यातला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, म्हणतो, रेशनकार्ड बंद दाखवतंय, पुढची मंजुरी निघणार नाही. चौकशी केली तर शेरा असा: 'दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत.'

आढळणार कशी? कार्डावर शहरातल्या झोपडपट्टीचा पत्ता आहे आणि ती राहते कुंभारीच्या रे नगरला. 30,000 घरांची ती कामगार वसाहत, त्यातली पहिली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला वाटली, त्यातलं एक तिचं. म्हणजे सरकारी योजनेच्या घरात राहायला गेली आणि सरकारलाच सापडेना! बरं, धान्य बंद होईपर्यंत ती दर महिन्याला कुंभारीच्या दुकानात अंगठा लावून उचलत होती. कुठल्याही दुकानातून धान्य मिळतं म्हटल्यावर पत्ता बदलायला कोण जातंय?

रेशन ऑफिसच्या खिडकीवर सांगतात, नवीन कार्डाचा अर्ज टाका. टाकू का? आणि तोवर डायलिसिसचं काय करायचं?

शेंगाचटणी:
नवीन अर्ज अजिबात टाकू नका! आधी सांगा, कार्ड पिवळं की केशरी, आणि धान्य मिळणारं का?

धागाकर्ता:
केशरी. प्राधान्य कुटुंबातलं, धान्य मिळायचं.

शेंगाचटणी:
मग तर नकोच. धान्य मिळणाऱ्या कुटुंबांचा इष्टांक, म्हणजे कमाल आकडा, ठरलेला असतो. नवीन कार्ड निघेल, पण प्राधान्य गटात जागा रिकामी होईपर्यंत धान्याच्या नावानं शंख. खिडकीवरच्याला नवीन अर्ज सोपा पडतो, तुम्हाला तो महागात जाईल. अर्जाचा विषयच असा लिहा: 'रद्द केलेली शिधापत्रिका पूर्ववत करणे व पत्ता बदलणे.' सोबत रे नगरच्या घराचे कागद, वीजबिल, सगळ्यांचे आधार. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बहुतेक हे अपात्र शिधापत्रिका शोध मोहिमेत झालं असणार. त्यात राहत्या पत्त्याचा पुरावा मागतात. फॉर्म जुन्या दुकानात आला असेल, आत्या उचलतात दुसऱ्या दुकानात, त्यांना कोण सांगणार?

हुरडा_पार्टी:
अंगठा हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. दुकानातल्या ई-पॉस (अंगठ्याच्या) मशिनवरची प्रत्येक उचल नोंदलेली असते: कोणतं दुकान, कोणती तारीख, किती किलो. कार्डाचा 12 अंकी नंबर टाकून रेशनच्या संकेतस्थळावर बघा, प्रिंट काढा आणि अर्जाला जोडा. ज्या खात्यानं कुंभारीत तिला धान्य मोजून दिलं, तेच खातं ती सापडत नाही म्हणतंय, हे साहेबांना कागदावर वाचू दे. तोंडी बोलण्यात अर्थ नाही, आपला आवाज चढतो आणि काम तिथंच बसतं.

शहरातून दक्षिण सोलापूर तालुक्यात गेल्यात म्हणजे कार्यालयही बदलतं. शहरवाले तहसीलकडं पाठवतील, तहसीलवाले शहराकडं. रद्द जिथं झालं तिथंच आधी पूर्ववत करून घ्या, बदली नंतर.

दूरचा_सोलापूरकर:
मी सध्या न्यू जर्सीत आहे. इथं मेडिकेड म्हणून गरिबांची सरकारी आरोग्य योजना आहे. पाठवलेलं टपाल 'पुढचा पत्ता नाही' म्हणून परत आलं तर एरवीची 10 दिवसांची आगाऊ नोटीस न देताही लाभ थांबवता येतो. पण पात्रतेच्या काळात माणसाचा ठावठिकाणा लागला, तर थांबवलेली सेवा परत सुरू करावीच लागते, असं केंद्रीय नियमातच आहे. आपल्याकडं तो नियम लागू नाही, पण मुद्दा म्हणून मांडा: सापडत नाही म्हणून बंद केलं ना? मग ही बघा, सापडली.

कडक_भाकरी:
नियमांचं चालू द्या, डायलिसिस थांबता कामा नये. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं महात्मा फुले योजना सगळ्यांना खुली झाली, वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंत. त्यात रेशनकार्ड नसलेली पण अधिवास प्रमाणपत्र असलेली कुटुंबंही धरलीत. आरोग्यमित्राला हे नेमकं विचारा, आणि तो अडला तर 155388 वर फोन करा. आयुष्मान कार्ड आधी काढलं होतं का तेही तपासा. त्यांना 70 पूर्ण असते तर प्रश्नच नव्हता, ऑक्टोबर 2024 पासून त्या वयाला आधारवर वेगळं कार्ड मिळतं, उत्पन्न बघत नाहीत. आधारवरची जन्मतारीख खरी आहे ना? आपल्याकडं निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म 1 जानेवारीचा.

धागाकर्ता:
आधारवर 1 जानेवारीच आहे 😄 पण वय बरोबर वाटतं, त्यात हात घालत नाही. अधिवासाचं माहीतच नव्हतं, उद्या सेतूत जातो. उचलीची प्रिंट मिळाली, कुंभारीचं दुकान स्पष्ट दिसतंय.

शेंगाचटणी:
छान. अर्जात 'रुग्ण डायलिसिसवर आहे' हे पहिल्या ओळीत घ्या आणि डॉक्टरांचं पत्र लावा. रद्द करण्याआधी नोटीस कधी, कुठं दिली याची माहिती अधिकारात मागणी करा. एरवी 30 दिवस लागतात, जीविताचा प्रश्न असेल तर 48 तासांत द्यावी लागते. तरी हलले नाहीत तर अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग.

धागाकर्ता:
एक राहिलं. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आत्याच आहे, मुलगा पुण्यात कामाला असतो. अर्जावर तिचाच अंगठा लागेल ना? डायलिसिसच्या दिवशी तिला उठवत नाही. की माझ्या नावानं अधिकारपत्र चालेल?