आर्थर मॅकन यांच्या भयकथा कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर चर्चा झाल्यानंतर आमच्या वाचक मंडळाने इंग्रजी भयकथेचे जुने लेखक वाचायचे ठरवले असून, वेल्समध्ये जन्मलेल्या आर्थर मॅकन (१८६३–१९४७) यांच्यावर टिपण करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘द ग्रेट गॉड पॅन’ १८९४ मध्ये आणि ‘द थ्री इम्पोस्टर्स’ १८९५ मध्ये आल्यानंतर थेट १९०६ पर्यंत त्यांच्या कथांचे पुस्तक दिसत नाही. असे का झाले असावे? तसेच पहिल्या महायुद्धात माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेला देवदूतांनी वाचवले, ही आख्यायिका त्यांच्या कथेतून निघाली, हे कितपत खरे आहे? वाचनाचा क्रमही कृपया सुचवावा.

उत्तर १ (अलकापुरी)

मॅकन लिहायचे थांबले नव्हते, हे टिपणात आवर्जून नोंदवावे. ‘द हिल ऑफ ड्रीम्स’ ही त्यांची सर्वोत्तम कादंबरी १८९७ मध्येच लिहून झाली होती, परंतु ती पुस्तकरूपाने निघायला १९०७ साल उजाडले. १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड यांना समलैंगिक संबंधांच्या खटल्यात शिक्षा झाल्यानंतर त्या वर्तुळातील साहित्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ‘पॅन’चे प्रकाशक जॉन लेन आणि मुखपृष्ठकार ऑब्री बिअर्ड्‌स्ली हे दोघेही त्याच वर्तुळातले असल्याने मॅकन यांनाही त्याची झळ बसली. पुढे १८९९ मध्ये पत्नी एमी कर्करोगाने वारल्या आणि १९०१ मध्ये ते फ्रँक बेन्सन यांच्या फिरत्या नाटक कंपनीत नट म्हणून दाखल झाले. पोटापाण्यासाठी १९१० पासून त्यांनी ‘ईव्हनिंग न्यूज’मध्ये बातमीदारी केली, जी त्यांना मनापासून नकोशी होती. एवढ्या योग्यतेच्या लेखकाला असे दिवस काढावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. वाचनाची सुरुवात ‘पॅन’पासून करावी.

उत्तर २ (फतेहगंज)

आख्यायिकेचा उगम त्यांच्याच कथेत आहे, असे स्वतः मॅकन यांचे ठाम मत होते. ‘द बोमेन’ ही छोटी कथा २९ सप्टेंबर १९१४ रोजी त्याच वृत्तपत्रात आली. तीत देवदूत नाहीतच. माघार घेणाऱ्या फौजेतील एका शिपायाला, लंडनच्या एका शाकाहारी खानावळीत डाळ आणि सुक्यामेव्याचे कटलेट खाताना ताटलीवर पाहिलेले संत जॉर्जचे निळे चित्र आणि त्याखालची लॅटिन प्रार्थना आठवते. तो ती पुटपुटतो आणि अझिंकोर्टच्या जुन्या (१४१५ च्या) लढाईतील इंग्रज धनुर्धारी मदतीला धावून येतात. ही कथा पुनर्मुद्रित करू इच्छिणाऱ्या एका धर्मगुरूंनी आधार विचारला, तेव्हा ‘सारे कल्पित आहे’ असे मॅकन यांनी कळवले. त्यावर, तुमचीच काहीतरी चूक होत असावी, मूळ घटना खरीच असणार, असे त्या गृहस्थांनी उलट लिहिले! हा प्रसंग ही कथा असलेल्या १९१५ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मॅकन यांनीच सांगितला आहे. दुर्दैव असे की, ज्या कथेला ते स्वतः फारशी किंमत देत नव्हते, तिनेच त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले.

उत्तर ३ (प्रतापगंज)

वरील माहिती मान्य असूनही ‘पॅन’पासून सुरुवात करण्याविषयी माझे मत वेगळे आहे. तिची मांडणी तुकड्यातुकड्यांची आहे आणि शेवट घाईचा वाटतो. त्याऐवजी ‘द व्हाइट पीपल’ आधी घ्यावी. एका मुलीने हिरव्या वहीत लिहिलेला हा मजकूर आहे. दाईने शिकवलेली गाणी, टेकड्यांमधली एकटीची भटकंती आणि जे कोणाला सांगायचे नाही ते, हे सारे ती अगदी निरागसपणे लिहीत जाते. आपण कशात ओढले जात आहोत हे तिला कळत नाही, वाचकाला मात्र कळत राहते. भीती निर्माण होते ती याच अंतरातून, आणि भयकथेत एवढे मोठे यश मला क्वचितच आढळले आहे.

त्या टेकड्यांचे मूळ मॅकन यांच्या जन्मगावात आहे. कार्लिअन येथे रोमनांच्या दुसऱ्या ऑगस्टन लीजनचा (सैन्यदलाचा) तळ होता. आजही तेथे जुने रोमन रंगमंडल पाहायला मिळते. पाद्र्याचा हा मुलगा अशा जमिनीवर वाढला की जिथे खणले तर परक्या देवतांचे अवशेष निघत, आणि ‘द हिल ऑफ ड्रीम्स’चा नायकही रोमन किल्ल्याच्या उंचवट्यावर जाऊन बसतो. म्हणून ती कादंबरी दुसरी, ‘पॅन’ तिसरी आणि ‘द बोमेन’ शेवटी, असा क्रम मी सुचवेन. मंडळात हिरव्या वहीचा भाग मोठ्याने वाचणार असाल, तर मध्ये चर्चेसाठी थांबू नये. तो जवळजवळ परिच्छेद न पाडता लिहिलेला असून एका दमात ऐकल्याशिवाय त्याची पकड जाणवत नाही.