अमूर्त वारशाचे डेटा मॉडेल : ‘मूळ पाठ’ या रकान्यात काय भरावे?

प्रश्न
पारंपरिक गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांची नोंदवही मी डेटाबेसमध्ये आणत आहे. सध्या एकच तक्ता आहे : गाण्याचे नाव, गायिका, कडवी, मूळ पाठ, साल, परवानगी. एकच गाणे तिघींनी गायले. पहिलीची पाच कडवी, दुसरीची सात, आणि तिसरीने शेवटचे कडवे ऐनवेळी रचून घातले. त्यामुळे ‘मूळ पाठ’ अजून रिकामाच आहे. संग्रहालयातील वस्तूंच्या नोंदींचा साचा मी जसाच्या तसा उचलला, तिथेच चुकले का?

उत्तर १
होय, तिथेच. वस्तू एकदा घडते आणि टिकते. गाणे मात्र गायले जाते तेव्हाच अस्तित्वात येते. म्हणून परंपरेचा एक तक्ता आणि सादरीकरणांचा दुसरा, असे दोन करावेत. सादरीकरण ही घटना असून कोणी, कुठे, कधी आणि कोणासमोर गायले, हे सारे तिला जोडावे. ध्वनिफीत हा त्या घटनेचा केवळ पुरावा. ‘सीडॉक सीआरएम’ हे सांस्कृतिक वारशाच्या नोंदींसाठीचे, आयएसओ २११२७ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले मॉडेल असेच घटनाकेंद्री आहे, मात्र ते सगळे उचलण्याच्या फंदात पडू नका. ‘मूळ पाठ’ हा रकाना सरळ काढून टाका. ऐनवेळी रचलेले कडवे हा दोष नव्हे : समाज अमूर्त वारसा, म्हणजे गाणी, विधी, कौशल्ये असा वारसा, सतत नव्याने घडवत असतो, असे त्याच्या जतनासाठीच्या युनेस्कोच्या २००३ च्या करारातील व्याख्येतच म्हटले आहे.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण ‘कोणाकडून शिकली’ हा संबंध राहून गेला. एक गायिका अनेकींकडून शिकते आणि अनेकींना शिकवते, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र जोडतक्ता, म्हणजे कोण कोणाकडून शिकली अशा जोड्या नोंदवणारा तक्ता, हवा. पिढ्यान्‌पिढ्यांचे संक्रमण दिसते ते तिथेच. करारात या वारशाची जी पाच क्षेत्रे दिली आहेत, त्यांपैकी गाण्यासाठी एकच निवडण्याची सक्तीही ठेवू नका, कारण एखादे विधिगीत मौखिक परंपरेतही बसते आणि विधींमध्येही.

उत्तर ३
‘परवानगी’ला होय किंवा नाही एवढेच पर्याय असतील, तर ते पुरणार नाहीत. एखादी गायिका अभ्यासासाठी होकार देते, पण महाजालावर नको म्हणते. पुढे तो होकार मागेही घेते. म्हणून परवानगी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला, वापराच्या प्रकारानुसार आणि तारखेसह जोडावी.

प्रश्नकर्ती
तक्ते वेगळे केले आणि तिन्ही सादरीकरणे नीट बसली. जोडतक्ता मात्र कोराच आहे, कारण गाणे कोणाकडून शिकलात, हे मी तिघींपैकी एकीलाही विचारले नव्हते. परवानगीसाठी पुन्हा जायचेच आहे, तेव्हा विचारीन.