गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा संधिवात): ऐन दुखण्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मल कसं?

प्रश्न (घणसोली)
बाबा 56 वर्षांचे. मध्यरात्री उजव्या पायाचा अंगठा मुळाशी सुजून लालबुंद झाला, चादरही टेकू देत नाहीत. आठ महिन्यांत ही दुसरी खेप. आज युरिक अ‍ॅसिड 6.2 आलंय. नॉर्मल म्हणजे गाऊट नाही का? डाळी, पालक बंद करायचे? बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर (नेरुळ)
6.2 या आकड्यावर विसंबू नका. झटका चालू असताना रक्तातलं प्रमाण उतरलेलं दिसू शकतं. सूज गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. 6.8 च्या वर युरिक अ‍ॅसिड रक्तात विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साचतात. पाय थंड असतात आणि थंडीत खडे लवकर धरतात, म्हणून बहुधा अंगठ्यापासूनच सुरुवात.

आत्ता पाय उशीवर, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं. चोळणं, शेकणं नको. कोल्चिसिन (गाऊटची सूज उतरवणारी गोळी) 0.5 मिलिग्रॅम डॉक्टर सहसा आधी दोन गोळ्या आणि तासाभराने एक अशी देतात. पहिल्या 24 तासांत घेतली तर खरा गुण. जुलाब लागले तर लगेच कळवा. किडनी अधू असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कोल्चिसिन धोक्याची.

उत्तर (ठाणे पश्चिम)
बीपीच्या गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड (लघवी वाढवून बीपी उतरवणारं औषध) लिहिलंय का बघा. त्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं. लोसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने उलट थोडं उतरतं. बदल डॉक्टरच करतील, गोळी परस्पर बंद करू नका.

डाळी, पालक खुशाल खाऊ द्या, त्यांनी गाऊट वाढत नाही. बिअर, कलेजी, मटण, सुकट, तारली आणि बाटलीतली गोड पेयं मात्र आवरा. तरी नुसत्या पथ्याने आकडा फार उतरत नाही.

उत्तर (ऐरोली)
वर्षात दोन झटके म्हणजे युरिक अ‍ॅसिड उतरवणाऱ्या रोजच्या गोळीची वेळ आली. अ‍ॅलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅम किंवा कमीपासून सुरू करून, दर काही आठवड्यांनी वाढवत, आकडा 6 च्या खाली आणायचा. साचलेले खडे विरघळताना पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात. तिथेच लोक ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून सोडतात आणि सगळं मुसळ केरात. म्हणूनच सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिनचा छोटा डोस देतात. झटका आला तरी अ‍ॅलोप्युरिनॉल चालूच ठेवायची. अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणि आत्ता थंडी वाजून ताप असेल तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी असाच लाल दिसतो. सुईने पाणी काढून तपासल्याशिवाय फरक कळत नाही.