‘घसरली तर ब्रेकला पाय लावू नका’ सांगणाऱ्यांना माझं उत्तर

ओलीवाट

सोसायटीच्या ग्रुपवर काल एक संदेश फिरत आला. ‘पावसात गाडी घसरली तर ब्रेकला अजिबात पाय लावू नका. लावलाच तर पंप करा. हँडब्रेक हळूहळू ओढा. गाडी न्यूट्रल करा. घरातल्या नवशिक्यांना जरूर पाठवा.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग. तिथं उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथं टाकते आहे.

ती नवशिकी मीच. लायसन्स फेब्रुवारीत मिळालं. जुलैत ताम्हिणीतून माणगावला निघाले होते, शेजारी आई. धुकं, कडेला शेवाळ, वेग चाळीसच्या आसपास. एक वळण संपलं आणि समोर धबधब्याचे फोटो काढायला अर्ध्या रस्त्यात थांबलेल्या दोन बाइक. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थडथडायला लागलं, खालून कुणी हातोडीनं ठोकतंय असा आवाज. मला वाटलं काहीतरी तुटलं. दचकून मी पाय काढला. गाडी तशीच पुढं. मग स्टेअरिंग डावीकडे ओढलं आणि पुढचं चाक कडेच्या चरात गेलं. ती मुलं वाचली, कारण त्यांनी उडी मारली. आईच्या कपाळाला चार टाके पडले.

ते थडथडणं म्हणजे एबीएस, ब्रेक जोरात दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. गाडी तिचं काम चोख करत होती, पाय मी काढला. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे. चाक लॉक व्हायला, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरायला, लागलं की ते स्वतःच ब्रेक सोडतं आणि धरतं, सेकंदात कितीतरी वेळा. हे माणसाच्या पायाला जमणारं नाही. तेव्हा पेडल दाब-सोड करत पंप करायचं नाही. पेडल पूर्ण दाबायचं, दाबूनच ठेवायचं, जिथं जायचंय तिकडे बघायचं आणि स्टेअरिंग तिकडे वळवायचं. चाकं फिरती असतात म्हणूनच गाडी वळते. आणि हँडब्रेक? तो फक्त मागच्या चाकांना लागतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते. हा सल्ला ज्यानं लिहिला त्यानं कुणाचा तरी जीव धोक्यात घातला आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाफ क्लच शिकवला, रिव्हर्स शिकवला, चढावर गाडी उचलायला शिकवलं. जोरात ब्रेक मात्र एकदाही मारू दिला नाही. रोज एकच, ‘हळू दाबा, मॅडम, हळू.’ माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक नव्या चालकाला एकदा तरी मोकळ्या जागेत ते पेडल पायाखाली थडथडताना कळू द्या.

पाचवा गिअर

ताई, आईंना बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं असतं, ते लिहिलं नाहीत. बाकी लेखाशी असहमत. सत्तावीस वर्षं गाडी चालवतो, त्यातली अकरा रोज खोपोली-पुणे. तुमची चूक पाय काढण्याची नाही. धुक्यात, शेवाळावर, वळणापलीकडचं दिसत नसताना चाळीस, ही चूक आहे. जेवढा रस्ता दिसतो त्याच्या आत थांबता आलं पाहिजे. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. चाळीसचे साठ केले की सव्वादोनपट.

आणि घसरलेली गाडी सावरायचं शिक्षण सगळ्यांना द्या म्हणता, त्याचा अनुभव जगानं घेतलाय. नॉर्वेनं नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावरचं शिक्षण सक्तीचं केलं होतं. त्यानंतर तरुण मुलांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले आढळले. ‘मला सावरता येतं’ हा भ्रम पोरांना जोरात न्यायला लावतो. माझा पुतण्या अशाच व्हिडिओंवर शिकला. आता गाडी भंगारात आणि त्याच्या मांडीत सळई.

ओलीवाट

आई बरी आहे, धन्यवाद. पण मी सावरायला शिकवा म्हटलेलंच नाही. ब्रेक दाबून धरायला शिकवा म्हटलंय. त्यानं कोणता भ्रम होतो ते सांगा.

आंबोलीकर

दोघंही पुण्या-मुंबईचे दिसता. माझी गाडी २०१२ ची, खालचं मॉडेल, एबीएस नाही. सिंधुदुर्गात अशा हजारो गाड्या आहेत, आणि नवी पोरं जुन्याच गाडीवर शिकतात. आमच्यासाठी त्या संदेशातलं पंप करायचं तेवढं बरोबरच आहे. पेडल पूर्ण दाबून ठेवलं तर चाकं लॉक होतील आणि गाडी स्टेअरिंग न ऐकता सरळ दरीकडे जाईल. चाक लॉक झालं की पाय सैल करायचा, पुन्हा दाबायचं. माझ्या बाबांनी मला हेच शिकवलं आणि याच्यावर मी आंबोली घाट आजवर उतरलोय.

ओलीवाट

हे मान्य करावं लागेल. एबीएस नसलेल्या गाडीचा विचार मी केला नव्हता. पण मग संदेशात तेवढं लिहायला नको? गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागून विझतो का, एवढं बघितलं तरी कळतं की आपल्याला कोणता नियम लागू.

चाकधारी

इथं सगळे पायाबद्दल बोलताहेत, टायरबद्दल कुणीच नाही. रस्त्याला गाडीची फक्त चार तळव्यांएवढी जागा टेकलेली असते. टायर गोटा, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत, झाले असतील तर एबीएस काय करणार? नक्षीची खोली कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर लागते, पण मुसळधार पावसात तेवढ्यावर विसंबू नका. खाचांतून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. द्रुतगती मार्गावर पावसात शंभरनं जाणाऱ्यांना हे ठाऊक असेल. तेव्हा ना ब्रेक, ना झटका. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, टायर पुन्हा रस्त्याला टेकेपर्यंत कळ काढायची.

आणि दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा. टायरवाले हमखास पुढे लावतात.

टायरवाला भाऊ

साहेब, धंद्यात एकोणीस वर्षं झाली. पुढेच लावतात, आणि कारण आहे. या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात, वळतात पुढच्या चाकांवर, ब्रेकचा जास्त भार पुढे येतो. झीजही पुढेच. गोटा टायर पुढे ठेवून गिऱ्हाइकाला पावसात पाठवू? पुस्तकात वाचून सांगू नका.

चाकधारी

पुस्तकात नाही, कसारा घाटात वाचलंय. मावसभाऊ, पुढे कोरे टायर, मागे जुने. उतारावर पाण्याचा ओहोळ आडवा होता. पुढची चाकं पार झाली, मागची तरंगली आणि गाडी उलटी फिरून तोंड इगतपुरीकडे. मागून ट्रक आला नाही म्हणून आज तो जिवंत आहे. मोठ्या टायर कंपन्याही चांगली जोडी मागेच लावा म्हणतात. पुढचं चाक घसरलं तर हाताला कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की पकड परत येते. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. नवशिक्याला ती सावरणं शक्यच नाही.

टायरवाला भाऊ

तुमच्या भावाचा वेग किती होता ते सांगितलं नाहीत.

पाचवा गिअर

हेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

चाकधारी

पन्नासच्या आत होता! प्रत्येक अपघातावर ‘वेग’ म्हटलं की आपली जबाबदारी संपते का? जो मेला तो जोरात जात होता, जो वाचला तो हळू जात होता, असं ठरवून टाकायचं आणि रस्ता, टायर, शिक्षण कशाकडेच बघायचं नाही!

आंबोलीकर

मग चारही टायर समान झिजावेत म्हणून दर दहा हजार किलोमीटरला अदलाबदल करा ना. पुढे-मागे वाद हवाच कशाला?

टायरवाला भाऊ

अदलाबदल करा म्हणून मी रोज सांगतो. दहातले आठ जण ‘पुढच्या वेळी’ म्हणतात. आणि मग दोन गोटा झाले की येतात, पैसे दोनाचेच असतात. पोराची फी भरून आलेल्या माणसाला चार घ्या म्हणू का मी?

टोरोंटोचा पाटील

इथं हिवाळ्यात हे रोजचं आहे. शेजारच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे, आणि लावायचे तर चारही. आमच्या प्रांतात सक्ती नाही, तरी शहाणी माणसं लावतात. माझ्या मुलीला पहिला बर्फ पडल्यावर मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं, तीस किलोमीटरवर ब्रेक मारायला लावला. मागची बाजू डावीकडे सुटली तर स्टेअरिंगही डावीकडे, आणि गाडी सरळ होऊ लागली की लगेच परत. तिथंच कळलं की हे वाचून येत नाही. दोन तासांत चारदा गाडी फिरली, पाचव्यांदा सावरली. भारतात हे कुणी का करत नाही?

शेतकरी पोर

कारण भारतात मॉलचं पार्किंग रिकामं नसतं, पाटील. तुमच्याकडे बर्फावर मीठ टाकायला सरकारी गाडी येते. आमच्याकडे रस्त्यावर चिखल पडला तर शिव्या शेतकऱ्याला. मागच्या आठवड्यात भात लावणीला ट्रॅक्टर नेला, केजव्हीलनं, म्हणजे चिखलात चालायच्या लोखंडी चाकानं, थोडा चिखल डांबरावर आला, एक कारवाला घसरला आणि उतरून माझ्या अंगावर धावला. शेतात जायला पाणंद रस्ता अतिक्रमणात गेलाय, तो मोकळा करायला पाच वर्षं तहसीलला खेटे घालतोय. मी ट्रॅक्टर डोक्यावर घेऊन जाऊ का?

पाचवा गिअर

भाऊ, पाणंदीची तुमची अडचण खरी आहे. पण डांबरावरचा चिखल फावड्यानं ओढून टाकायला दहा मिनिटं लागतात. रात्री मोटरसायकलवाला त्यावरून गेला तर? माझा मित्र उसाच्या हंगामात ट्रॉलीतून सांडलेल्या वाड्यावरून, उसाच्या शेंड्यांच्या पाल्यावरून, घसरून गेला. एकतीस वर्षांचा होता.

शेतकरी पोर

तुमच्या मित्राचं ऐकून वाईट वाटलं. फावडं ठेवतो ट्रॅक्टरवर. पण पाणंदीचा अर्ज मागे घेणार नाही, आणि दर वेळी एकट्या शेतकऱ्याला झोडपणंही ऐकून घेणार नाही.

ओलीवाट

सगळं वाचलं. पाटीलकाका, तुमच्या मुलीला जे मिळालं तेच मी मागते आहे. पण पाचवा गिअर यांचा नॉर्वेचा मुद्दा रात्रभर डोक्यात राहिला. त्यात तथ्य आहे. मागची बाजू सुटेल त्याच बाजूला स्टेअरिंग मारून सावरणं, हे दोन तासांत शिकून वर्षभरानं ताम्हिणीत आठवेल असं मला वाटत नाही, आणि आठवेल या भरवशावर जोरात जाणं वाईटच. तेवढा माझा विरोध मागे. पेडल दाबून धरणं मात्र वेगळं. त्यात कसब नाही. तिथं फक्त दचकायचं नसतं, आणि जे आधी एकदा अनुभवलंय त्याला माणूस कमी दचकतो. माझ्या आईच्या कपाळावरचे टाके त्या एका दचकण्याचे आहेत.

पाचवा गिअर

बरं. ब्रेक दाबून धरण्यापुरतं मान्य करतो. सत्तावीस वर्षांत माझ्या गाडीचं एबीएस तीनदा लागलं असेल, आणि पहिल्या वेळी माझाही पाय सुटला होता. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. पण मोकळ्या जागेत घेऊन जाताना आधी टायर बघा, मागं-पुढं कुणी नाही ना बघा, आणि तीसच्या वर जाऊ नका.

टायरवाला भाऊ

चाकधारीसाहेब, काल दुकानात दोन टायरचं गिऱ्हाईक आलं. त्याला दोन्ही बाजू सांगितल्या, तुमच्या भावाचं पण. त्यानं मागे लावून नेले. मला अजून पटलेलं नाही. पण पुढची जोडी कितपत झिजलीय ते मोजून मगच हो म्हणालो. गोटा असती तर नसते लावले.

चाकधारी

मोजलंत ना, पुष्कळ झालं.

नगरची लेक

मी इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते. ओलीवाटताई, तुमचा लेख बाबांना वाचून दाखवला. आमच्याजवळच्या साखर कारखान्याचा गाडीतळ पावसाळ्यात रिकामा असतो. वॉचमनकाका ओळखीचे. सकाळी पाऊस पडून गेल्यावर गेलो. बाबा शेजारी, वेग तीस, एका दगडाची खूण धरून मी ब्रेक दाबला. पेडल थडथडलं आणि सगळं आधी माहीत असूनही माझा पाय सुटला. दुसऱ्यांदा पण सुटला. बाबा म्हणाले, माझ्याकडे बघू नकोस, दगडाच्या पलीकडे बघ. तिसऱ्यांदा पाय टिकला आणि स्टेअरिंग वळवून दगडाला उजवीकडून टाळलं. मग बाबा म्हणाले आता मी बसतो. त्यांचाही पहिल्या वेळी सुटला. शनिवारी आईला नेणार आहोत.