गाईचे ढेकर मोजणाऱ्यांना चार शब्द

देवणीवाला : काल या ग्रुपवर एकानं लिहिलं, "गुरांना शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास असला हिरवा पाला चारा, पोटात मिथेन हा हवा तापवणारा वायू करणारे जंतू दबतील, पृथ्वी थंड होईल." डोकंच फिरलं. माझ्याकडं दोन देवणी गाई अन् एक म्हैस. फेब्रुवारीतच बोअर गुळण्या टाकायलंय. दशरथाला टँकर लावू का? लातूरला २०१६ साली माणसांसाठी रेल्वेनं पाणी आणलं, विसरलात? आधी एसीवाल्यांचा धूर मोजा, मग माझ्या गाईचे ढेकर.

बांधावरची : दादा, पृथ्वी राहू द्या. मिथेन म्हणजे तुमच्याच वैरणीची गळती आहे. खाल्लेल्या ऊर्जेतली २ ते १२ टक्के ढेकरावाटे जाते. नुसती गुळी, म्हणजे सोयाबीनचं भूस, खाल्ली की ती पोटात पडून राहते, हायड्रोजन सुटतो अन् ते जंतू त्याच्यावरच जगतात. पाला असला की वैरण लवकर पुढं सरकते. माझी शेवरी बांधावर आहे, कंबरेएवढी ठेवून छाटते. कोयता दिसला की शेळ्या दावं तोडतात.

कडबाकुट्टी : गुळीचं नाव काढलंत म्हणून बोलतो. सोयाबीनचा पाला काढणीआधीच गळून जातो. खाली राहतं काय? काड्या अन् टरफलं! ज्वारी होती तवा कडब्याची गंज घराएवढी असायची. मोडली कुणी ज्वारी?

देवणीवाला : मोडली मजुरीनं. तुम्ही या काढायला, मी पेरतो!

कडबाकुट्टी : आम्ही पेरतोच. दोन एकर, दरसाल. तुम्हाला नगदी पाहिजे, मग कडब्याच्या नावानं रडायचं कामून?

बांधावरची : विषय शेवरीचा होता हो.

माळरान : सुबाभळीचं कुणी बोलेना. आमच्या चुलत्यानं उन्हाळाभर तीच घातली, शेळ्यांचे केस पुंजक्यानं गेले. गावात हसू झालं.

ढोरांचा_डॉक्टर : ते मिमोसिन, सुबाभळीतलं विष. ते मोडणारा जंतू हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात सापडला, १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिला अन् तिथं सुबाभूळ पचू लागली. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर सुबाभूळ घालू नका. अन् ताई, शेवरीनं पोटातले प्रोटोझोआ, म्हणजे मिथेनच्या जंतूंना हायड्रोजन पुरवणारे एकपेशी जीव, कमी होतात हे खरं, पण काही दिवसांत पोट सरावतं. मिथेन कायमचा घटला असं समजू नका. प्रथिनं मात्र मिळतात.

बांधावरची : एवढं मान्य. पण पेंडीचं पोतं आता जास्त दिवस पुरतं, ते माझ्या डोळ्यांनी बघायलेय.

देवणीवाला : म्हणजे मिथेनचं सगळं वाऱ्यावरच की! बरं, शेवरीचं बी कुठं मिळंल? म्हशीच्या फॅटसाठी विचारायलोय. पृथ्वीनं आशेवर राहू नये.

कडबाकुट्टी : बी ताई देतील. तुमच्याकडं कडबा शेकडा कितीला चाललाय, ते बोला.