शब्दचर्चा : 'स्लगर' म्हणजे फटकेबाज की टोलेबाज?

प्रश्न

व्यावसायिक बेसबॉलमधील फर्स्ट बेसमनांच्या (पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांच्या) फलंदाजीवर मराठीत एक लेख लिहीत आहे. 'स्लगर' (दणदणीत फटके मारणारा फलंदाज) या शब्दासाठी 'फटकेबाज' असे लिहिले, तर क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला अर्थ चटकन लागतो. पण तो योग्य लागतो का, अशी शंका येते. 'सिल्व्हर स्लगर' या पारितोषिकाला 'रौप्य फटकेबाज' म्हणावे का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो : म्हणू नये. 'रौप्य' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे रौप्यपदक, म्हणजे दुसरा क्रमांक येतो. इथे तर तो पहिलाच क्रमांक आहे. १९८० पासून अमेरिकेतील दोन्ही लीगमध्ये प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तम फलंदाजाला संघांचे व्यवस्थापक आणि प्रशिक्षक मतदानाने निवडतात आणि त्याला चांदीचा मुलामा दिलेली, बॅटच्या आकाराची ट्रॉफी मिळते. शिवाय 'लुईव्हिल स्लगर' हे बॅटचेच प्रसिद्ध नाव असल्यामुळे पारितोषिकाच्या नावात त्याचाही ध्वनी आहे. पॉल गोल्डश्मिट याने २०१३ ते २०२२ या काळात फर्स्ट बेसमन म्हणून ते पाच वेळा पटकावले. विशेषनाम आहे तसे ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात खुलासा करावा, हे बरे.

आणखी एक प्रतिसाद

'फटकेबाज' या शब्दात वेग आणि धडाका आहे. किती चेंडूंत किती धावा, हा हिशेब त्यामागे असतो. 'स्लगर'चा हिशेब वेगळा आहे. तिथे फटक्याचे मोल त्याने फलंदाजाला किती बेस मिळवून दिले, यावर ठरते : सिंगलला एक, डबलला दोन, ट्रिपलला तीन, होमरनला चार. या सगळ्या बेसची बेरीज करून तिला 'ॲट बॅट'च्या (हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या पाळ्यांच्या) संख्येने भागले की 'स्लगिंग' निघते.

न्यूयॉर्क यांकीजचा फर्स्ट बेसमन लू गेहरिग याचा १९२७ चा हंगाम घ्या. ५८४ ॲट बॅटमध्ये त्याचे २१८ हिट (बेस मिळवून देणारे फटके) होते. त्यांत १०१ सिंगल, ५२ डबल, १८ ट्रिपल आणि ४७ होमरन. म्हणजे १०१ अधिक १०४ अधिक ५४ अधिक १८८, एकूण ४४७ बेस. ५८४ ने भागल्यावर ०.७६५ हा आकडा मिळतो. त्याच हंगामातील त्याची बॅटिंग ॲव्हरेज (हिट भागिले ॲट बॅट) मात्र ०.३७३ आहे, कारण तीत चारही प्रकारच्या हिटला सारखेच मोल असते. (या ॲव्हरेजला 'सरासरी' म्हणताना सांभाळावे, सरासरी ०.३७३ असे नुसते वाचले, तर आपला वाचक गेहरिगला अकराव्या क्रमांकावर खेळायला पाठवील. 'हजारात ३७३' असे लिहिलेले अधिक बरे.)

म्हणून माझे मत 'टोलेबाज' या शब्दाला. विटीदांडूत विटीला टोला मारल्यावर ती किती लांब गेली, ते दांडूने मोजतात आणि तेवढे गुण पदरात पडतात. लांबीला मोल देणारा हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, तो वापरावा.

प्रश्नकर्ता

'टोलेबाज' पटला. मग उत्तम फलंदाजी करणारा प्रत्येक फर्स्ट बेसमन टोलेबाज म्हणावा का? या जागेवर प्रामुख्याने सहकाऱ्यांच्या फेकी पकडायच्या असल्यामुळे धावपळ आणि लांब फेक कमी लागते, आणि म्हणून संघ तिथे धिप्पाड, जोरकस फलंदाज उभा करतात, असे मी लेखात लिहिले आहे.

प्रतिसाद

कारण बरोबर आहे, आणि त्यामुळेच या जागेवर 'उत्कृष्ट' ठरण्याची पातळीही उंच असते : जिमी फॉक्सने १९३३ मध्ये आणि गेहरिगने १९३४ मध्ये ॲव्हरेज, होमरन आणि आरबीआय (आपल्या फलंदाजीने संघाला मिळवून दिलेल्या धावा) या तिन्हींत लीगमध्ये अव्वल राहून ट्रिपल क्राउन मिळवला. पण सगळ्यांना एकच शब्द लावू नये. मिनेसोटा ट्विन्सचा रॉड कॅरू १९७७ मध्ये फर्स्ट बेसवर खेळत होता. २३९ हिट, हजारात ३८८, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि होमरन अवघे १४. तो कसबी फलंदाज. त्याला टोलेबाज म्हटले, तर त्या शब्दाचाही अर्थ पातळ होईल आणि कॅरूवरही अन्याय होईल.

उलट टोकाला योमिउरी जायंट्सचा सादाहारू ओह. जपानी लीगमध्ये १९५९ ते १९८० या काळात त्याने ८६८ होमरन मारले. शाळेत तो पिचर (चेंडू टाकणारा) होता, व्यावसायिक संघात आल्यावर फर्स्ट बेसमन झाला. १९६१ मध्ये त्याचे १३ होमरन होते. १९६२ मध्ये प्रशिक्षक हिरोशी अराकावा यांच्या मार्गदर्शनाखाली पुढचा पाय उचलून, एका पायावर तोल सांभाळत चेंडूची वाट पाहण्याची पद्धत त्याने धरली आणि होमरन ३८ झाले. जपानीत या पद्धतीला 'इप्पोन आशी', म्हणजे एकपायी, म्हणतात. तो टोलेबाज आहेच, परंतु या शब्दात त्याचा संयम मावत नाही : त्याला २,३९० वॉक (चार चेंडू आवाक्याबाहेर टाकले गेल्यामुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले, आणि वॉक ॲट बॅटमध्ये धरत नसल्यामुळे स्लगिंगच्या आकड्यात त्यांचा मागमूसही दिसत नाही. लेखात ओहविषयी लिहाल तेव्हा ऑन बेसचा (हिट, वॉक वगैरे मिळून फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचला, त्याचा) आकडाही द्यावा.

प्रश्नकर्ता

देतो. एक शेवटची अडचण : २५ ऑक्टोबर २०२४ रोजी वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात डॉजर्सचा फर्स्ट बेसमन फ्रेडी फ्रीमन याने दहाव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम मारून सामना संपवला. हा शब्द तसाच ठेवला, तर वाचकाला विम्बल्डन आठवेल.

प्रतिसाद

आठवू द्या, पण लगेच सावरून घ्या. 'तिन्ही बेसवर गडी असताना मारलेला, चार धावांचा होमरन' असे एकदा लिहावे आणि पुढे 'ग्रँड स्लॅम' मोकळेपणाने वापरावा. मूळ शब्द ब्रिजच्या डावातील तेराही हात जिंकण्याचा आहे. टेनिसनेही तो उसनाच घेतला. फक्त 'चौकार' लिहू नका, तो मोह एका लेखात झालेला वाचला आहे.